शेजारच्या व्हिएतनामी कुटुंबातल्या स्वमग्न मुलासाठी आम्ही काय करू शकतो?

तुम्ही लिहिलंय की कॅलिफोर्नियात सॅन होजेत तुमच्या शेजारी एक व्हिएतनामी कुटुंब राहतं, मुलगा चार वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं, आईवडिलांचं इंग्रजी जेमतेम. आणि पुढे विचारलंय, "निदान घरात तरी इंग्रजी बोला, असं त्यांना समजावू का?"

नका समजावू. बाकीचं उत्तर नाही वाचलंत तरी चालेल.

माझा मुलगा आता 17 वर्षांचा आहे. तो चार वर्षांचा असताना थेरपीच्या वेटिंग रूममध्ये दर मंगळवारी एक व्हिएतनामी बाई भेटायच्या. नेल सलोनमध्ये कामाला. शनिवार-रविवारी तिथे श्वास घ्यायला फुरसत नसे, म्हणून सुट्टी मंगळवारी. त्यांचा मुलगाही चारचाच. वर्षभर आमचं बोलणं म्हणजे मोडकंतोडकं इंग्रजी आणि डब्यांची देवाणघेवाण. (शेंगदाण्याची चिक्की त्यांच्याकडेही असते, हे मला तेव्हा कळलं.) एक दिवस त्यांनी शाळेच्या आयईपी मीटिंगला (मुलाला शाळेत कुठली खास मदत मिळणार, ते पालकांसोबत ठरवायची बैठक) सोबत याल का, असं विचारलं. आपल्या ओळखीचं माणूस बरोबर न्यायची परवानगी असते, म्हणून गेलो.

टेबलापलीकडे शाळेची सहा माणसं. अलीकडे त्या, मी आणि स्पीकरफोनवर दुभाषी. शाळेच्या मानसतज्ज्ञ पाच मिनिटं बोलत, दुभाषी दोन वाक्यांत उरकत असे. प्रत्येक वेळी बाई मान खाली घालून म्हणत, "या... या." शेवटी सही झाली. पार्किंगमध्ये मी विचारलं, "स्पीच थेरपी आठवड्याला दोनदाची एकदा केली, तुम्ही हो कशा म्हणालात?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "मी हो कधी म्हटलं?"

मला ते प्रकरण नीट समजायला आणखी काही मंगळवार लागले. दक्षिण व्हिएतनामी बोलीत "या" हा मोठ्यांपुढे अदबीनं काढायचा शब्द आहे. आपल्याकडे जुन्या घरांतून "जी" म्हणत, तसा. ऐकतेय, बोला, एवढाच अर्थ. पण अमेरिकन कानाला तो थेट इंग्रजी होकारासारखा लागतो. म्हणजे बाई तासभर आदर दाखवत होत्या आणि समोरची सहा माणसं तासभर होकार मोजत होती.

मग लेखी पत्र देऊन पुन्हा मीटिंग मागितली (30 दिवसांत द्यावी लागते), दुभाषी समोर बसलेला हवा असं त्यात घातलं, आणि कागद घरी नेऊन वाचल्याशिवाय सही करायची नाही असं ठरवलं. तिथल्या तिथे सही करायलाच हवी असा नियम नाही. पटेल तेवढ्याच भागाला मंजुरी देता येते. गेलेली थेरपी परत मिळाली.

त्याच पहिल्या मीटिंगमध्ये त्यांना सांगितलं होतं, घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मुलगा गोंधळतो. त्यावरही बाई "या" म्हणाल्या होत्या. आणि घरी जाऊन व्हिएतनामीच बोलत राहिल्या. हाच सल्ला मलाही मिळाला होता. माझं इंग्रजी चांगलं, म्हणून मी तो पाळला.

व्हिएतनामीत घरातल्या घरात कोरडं मी-तू चालत नाही, नात्यानं बोलतात. आई म्हणजे "मा", लेकरू म्हणजे "कॉन". आई मुलाला कॉन म्हणते आणि मुलगा तिच्याशी, आजीशी बोलताना स्वतःलाही कॉनच म्हणतो. स्वमग्न मुलांची मी-तूची अदलाबदल तुम्ही पाहिली असेल. माझा मुलगा कितीतरी वर्षं स्वतःला तहान लागली की इंग्रजीत "तुला पाणी हवंय" म्हणायचा. त्या घरात या अदलाबदलीला जागाच नव्हती. ती भाषा काढून घेतली असती, तर त्या पोराला आजीला हाक कशी मारायची हेही उरलं नसतं. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, तरी सल्ला अजून फिरतोच आहे.

ऑटिझमला त्यांच्याकडे "तू की" म्हणतात. त्यातही आपल्या "स्वमग्न"सारखा "स्व" आहे, आणि तरुण पोरं एकटं तोंड पाडून बसणाऱ्यालाही तेच म्हणतात. त्यामुळे आजीला वाटलं, नातू रुसलाय, होईल ठीक.

आणि "मुलाला फारसं बाहेर आणत नाहीत, त्यांच्या संस्कृतीचा भाग असावा" हे तुमचं वाक्य मला झोंबलं. आम्ही चार वर्षं मुलाला मंडळाच्या गणपतीला नेलं नाही. ती कुठली संस्कृती?

कामाचं थोडक्यात. मुलगा तीनच्या पुढचा आहे, म्हणजे तपासणीची मागणी शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या कचेरीकडे), आणि लेखीच. 15 दिवसांत तपासणीचा आराखडा यायला हवा, त्यावर सही झाली की 60 दिवसांत मीटिंग. मीटिंग रेकॉर्ड करायची असेल तर 24 तास आधी कळवायचं. रीजनल सेंटर, म्हणजे ऑटिझमसारखं अपंगत्व असलेल्यांना शाळेबाहेर मदत देणारं केंद्र, ते वेगळं. कॅलिफोर्नियाच्या 1969 च्या लँटरमन कायद्याखाली तिथली मदत हा हक्क आहे, उपकार नाही. इमिग्रेशनच्या भीतीनं ते शाळेपासून लांब राहत असतील तर सांगा, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 च्या निकालानंतर कागदपत्रं नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळा नाकारता येत नाही. आणि पेरेंट्स हेल्पिंग पेरेंट्स ही सॅन होजेतलीच पालकांची संस्था आहे, तिथे व्हिएतनामीत बोलणारी माणसं भेटतात. तुमच्यामाझ्यापेक्षा ती उपयोगी.

मी वकील नाही, थेरपिस्टही नाही. शिवाय व्हिएतनाम युद्ध संपल्यावर, 1975 नंतर आलेल्यांची नातवंडं आणि परवा आलेलं जोडपं यांना एका मापानं मोजू नका. तुमचे शेजारी वेगळे असू शकतात. आधी विचारा.

आता जरा घरचं. दादा, तू नाशिकला बसून हे वाचशीलच. "डॉक्टर म्हणून सांगतो, एकच भाषा ठेव," असं तू फोनवर म्हणाला होतास, आणि मागच्या दिवाळीतही तेच म्हणालास. मी तुझं ऐकून साताऱ्याहून आलेल्या आईला सांगितलं, त्याच्याशी मराठीत बोलू नकोस. सहा महिने ती नातवाशी "वॉटर?" आणि "बनाना?" एवढंच बोलली. बाकीचा वेळ त्याच्या शेजारी सोफ्यावर गप्प बसून कपड्यांच्या घड्या घालायची. त्याचं इंग्रजी आता पक्कं अमेरिकन आहे. फक्त "बनाना" तो अजून तिच्यासारखा म्हणतो, शेवटी प्रश्नचिन्ह लावून.