मंगळावरची जलयुक्त खनिजं : वाचकांचे प्रश्न

मंगळाला हात न लावता शेकडो किलोमीटर उंचीवरून तिथली खनिजं ओळखतात तरी कशी?

खडकावरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशातून. त्यातल्या काही तरंगलांबी खनिजानं शोषलेल्या असतात आणि अवरक्त वर्णपटात तिथे खाच पडते. १.९ मायक्रॉनजवळ (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाच असेल, तर खनिजात पाण्याचे रेणू आहेत. २.२ जवळची खाच हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, ॲल्युमिनियमशी जोडलेला असल्याचं सांगते, २.३ जवळची लोहाशी किंवा मॅग्नेशियमशी. म्हणजे चिकणमाती कोणत्या जातीची, हेही कळतं! युरोपच्या 'मार्स एक्सप्रेस'वरच्या 'ओमेगा' उपकरणानं २००५ मध्ये ही चिकणमातीची, म्हणजेच मृत्तिका खनिजं दाखवून दिली. झाँ-पिएर बिब्रिंग त्या गटाचे प्रमुख होते. पुढे नासाच्या 'क्रिझम' या कक्षेतल्याच उपकरणानं १८ मीटरपर्यंतचे बारकावे टिपले.

म्हणजे मंगळावर आज पाणी आहे, असं म्हणायचं का?

या खनिजांवरून तरी नाही. ती बहुतेक साडेतीन अब्ज वर्षांहून जुनी आहेत आणि त्यांच्यातलं पाणी स्फटिकात अडकलेलं आहे. शिवाय चिकणमाती दिसली की तिथे तळं होतंच, असंही नाही. जमिनीखाली गरम पाणी खडकात मुरूनही ती बनते. मला वाटतं, बातम्यांत हा फरक नेहमी सांगितला गेला पाहिजे. सगळा अर्थ त्यावरच ठरतो.

वरून बघताना चूक होऊ शकते का?

होऊ शकते, आणि दोन्ही बाजूंनी. जिथे उजेड एकदम बदलतो, तिथे क्रिझमच्या माहितीत २.१ मायक्रॉनजवळ खोटी खाच उमटू शकते आणि ती परक्लोरेट या क्लोरीनयुक्त क्षारासारखी भासते, हे २०१८ मध्ये उघड झालं. उलट बाजूही आहे. गेल विवरात 'क्युरिऑसिटी' या नासाच्या फिरत्या गाडीनं २०१३ मध्ये यलोनाइफ बे इथे भोक पाडलं, तेव्हा तिथल्या पंकाश्मात, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकात, सुमारे एक पंचमांश मृत्तिका खनिजं निघाली. कक्षेतून मात्र तिथे ती दिसलेलीच नव्हती! प्रकाश वरच्या अगदी पातळ थराचीच खबर देतो, त्यामुळे थोडी धूळही पुष्कळ काही झाकते. म्हणून कक्षेतून 'दिसलं नाही' याचा अर्थ 'नाही' असा कधीही घेऊ नका.

लोणारचा याच्याशी काही संबंध आहे का?

आहे. मंगळाचा पृष्ठभाग मुख्यतः बेसाल्टचा आणि लोणारचं विवरही बेसाल्टमध्येच, आघातानं झालेलं. पृथ्वीवर अशी विवरं फार थोडी. त्यामुळे आघातानंतर बेसाल्टमध्ये पाणी मुरलं की कोणती खनिजं तयार होतात, हे तिथल्या नमुन्यांवरून तपासता येतं.