आजोबा आणि काका दोघांना तोंडाचा कॅन्सर झाला, मग तो मलाही होणार का?

कॅन्सर जीन्समुळं किती होतो आणि बाहेरच्या गोष्टींनी किती, यावरच मी संशोधन करतो आणि गाव आमचं परांडा तालुक्यात, त्यामुळं तुमचा प्रश्न मला घरातल्यासारखाच वाटला. आधी एक सांगा, आजोबा आणि काका तंबाखू खायचे का?

कुणाच्या घरी गेलो की आम्ही पहिले वंशावळ काढतो, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला कॅन्सर झाला तो काळा करायचा. एका घरी ओसरीवर बसून काढायलो होतो तर तीन पिढ्यांत चार चौकोन काळे झाले, आजी म्हणाल्या "रक्तातच हाय आमच्या". मग मी एकेकाचं विचारत गेलो, तंबाखूचा बार तोंडात कुठं धरायचे? आजींना सगळं पाठ, थोरला डाव्या गालात, धाकटा खालच्या ओठात, आणि जखम पण बरोबर तिथंच झालेली. बापाला तंबाखू मळून देता देता पोरांना लागली, म्हणजे वारशात आली ती तंबाखूची चंची.

तंबाखूतली नायट्रोसामाईन नावाची रसायनं पेशीतला डीएनए बिघडवतात, रोज तीच जागा तासन्‌तास भिजत राहिली की बिघाड साचत जातो. नुसती सुपारी पण कॅन्सर करते बरं का, लोकांना ते पटतच नाही.

जीन्सचं काहीच नसतं असं नाही. साधारण ५ ते १० टक्के कॅन्सर थेट वारशानं येतात. बहिणीला चाळिशीच्या आत स्तनाचा, आत्याला ओव्हरीचा, असं दिसलं तर बीआरसीए जीनची तपासणी डॉक्टरांना जरूर विचारा, या जीनमध्ये दोष असला की हे कॅन्सर व्हायचा धोका वाढतो आणि तो दोष बापाकडून पण येतो.

आणि माय-लेकी दोघींना गर्भाशयाच्या तोंडाचा झाला की लोक घराण्यालाच नावं ठेवतात, याचा मला फार त्रास होतो, कारण तो होतो एचपीव्ही व्हायरसनं. आपल्याच धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला, त्यात ज्या गटाला एकदा एचपीव्ही टेस्ट मिळाली तिथं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

तुम्ही खात असाल तर आजच सोडा. आरशासमोर टॉर्च घेऊन बघा, पांढरा-लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरलेली जखम, किंवा तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर सरळ दातांच्या डॉक्टरकडं जा. काकांच्या पोरांना पण सोबत न्या.