जर्मनीत नवरा-बायकोला एकाच गावात पोस्टडॉक कशी मिळवावी?

तुमची पीएच.डी. रेणवीय जीवशास्त्रातली, मिस्टरांची खगोलशास्त्रातली, दोघांनाही एकाच गावात जागा हवीय आणि जाहिराती कुठे बघायच्या हे कळत नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. माझी जीवशास्त्रातली पोस्टडॉक (म्हणजे पीएच.डी.नंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची जागा) हायडलबर्गला झाली, म्हणून तिथलंच सांगते.

आधी मिस्टरांचं वेळापत्रक धरा. खगोलशास्त्रात भरतीचा हंगाम असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या जॉब रजिस्टरवर जगभरच्या जाहिराती पडायला लागतात, बहुतेकांची मुदत डिसेंबरपर्यंत संपते, आणि १५ फेब्रुवारीच्या आत उमेदवारावर होकारासाठी दबाव आणायचा नाही, असा संकेत आहे. हा हंगाम हुकला की बहुधा वर्ष गेलंच. जीवशास्त्रात असं काही नाही. प्राध्यापकांच्या हातात निधी आला की जागा निघते, मार्चमध्ये निघेल नाहीतर गणपतीत. बऱ्याचदा तर जाहिरात येण्याआधीच माणूस ठरलेला असतो. तेव्हा मिस्टरांचे अर्ज ज्या गावांत जातील, तिथल्याच प्रयोगशाळांना तुम्ही त्याच सुमारास थेट मेल करा.

हायडलबर्ग यासाठी फार सोयीचं आहे. विद्यापीठाचं खगोलशास्त्र केंद्र आहे, डोंगरावर मॅक्स प्लँकची खगोलशास्त्र संस्था आहे. तुमच्यासाठी विद्यापीठाचं रेणवीय जीवशास्त्र केंद्र, शिवाय ईएमबीएल (युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळा) आणि जर्मन कर्करोग संशोधन केंद्र. मात्र प्रत्येक संस्था जागा आपापल्या संकेतस्थळावर लावते, त्यामुळे नुसतं विद्यापीठाचं पान बघून थांबू नका. सगळ्या विषयांचं एकत्र बघायला युरॅक्सेस हे संशोधकांसाठीचं युरोपीय संकेतस्थळ आहे.

आता मेल. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई आलेले अर्ज आम्हालाही वाचायला द्यायच्या. ‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम हार्डवर्किंग’ अशी सुरुवात आणि सोबत लांबलचक बायोडेटा, असं आलं की पुढे कोणी वाचत नसे. (बाईंना ‘सर’ लिहिलेलं तर कितीदा यायचं!) पण एकीने लिहिलं होतं, ‘तुमच्या पेपरातल्या तिसऱ्या आकृतीत हे प्रथिन पेशीच्या कडेला दिसतं. मी पीएच.डी.त लाइव्ह इमेजिंग केलंय, ते तिथे नेमकं कधी पोचतं हे मला बघायचंय.’ तिला बाईंनी लगेच सेमिनार द्यायला बोलावलं. दहा-बारा ओळी, दोन पानी सीव्ही आणि शिफारस द्यायला तयार असलेल्या दोघांची नावं, बस्स.

पैसा कुठून येईल हेही त्याच मेलमध्ये सुचवा, त्याने प्राध्यापकांचा निर्णय सोपा होतो. जर्मनीतल्या हुंबोल्ट प्रतिष्ठानची फेलोशिप सगळ्या विषयांना खुली आहे, पण पोस्टडॉक गटात पीएच.डी.नंतर चार वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो आणि यजमान प्राध्यापकांची संमती लागते. युरोपीय संघाच्या मेरी क्युरी फेलोशिपची मुदत साधारण सप्टेंबरात असते. तिथे एक अट नीट वाचा: ज्या देशात जायचंय, तिथे मुदतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे मिस्टरांसोबत आधी जाऊन राहिलात तर ती वाट बंद होऊ शकते. फेलोशिप नसून विद्यापीठातली नोकरीची जागा असेल तर करारावर ‘टीव्ही-एल ई १३’ या पगारश्रेणीच्या पुढे १०० टक्के, म्हणजे पूर्णवेळ, लिहिलंय ना, हे सहीआधी तपासा.

मिस्टरांचा विषय पहिल्या मेलमध्ये नको. मुलाखत होऊन तारखांचं बोलणं सुरू झालं की स्पष्ट सांगा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. मेलला उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा आणि तरीही शांतताच असेल तर दुसऱ्या गटाला लिहा.