गॅरेजचं दार अर्ध्यातून परत वर जातं, फोर्सचा स्क्रू फिरवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेक्सासमध्ये डॅलसजवळ २००४ सालचं घर नुकतंच घेतलंय. गॅरेजचं सोळा फुटी दार रिमोटने बंद करताना कधी कधी मध्येच थांबून परत वर जातं. शेजारी म्हणाला, मशीनच्या मागचा फोर्सचा स्क्रू थोडा फिरव, नाहीतर भिंतीवरचं बटण दार टेकेपर्यंत दाबून धर. घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि दिवाळीनंतर सांगलीहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत. तर सुरक्षिततेसाठी नेमकं काय काय बघायचं?

आधी स्क्रूचं सांगतो, कारण तोच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्याला आत्ता हात लावू नका.

छताला टांगलेलं मशीन दार उचलतं, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. सोळा फुटी स्टीलच्या दाराचं वजन सहज सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातं. ते पेलते वरची स्प्रिंग, तराजूच्या दुसऱ्या पारड्यातल्या मापासारखी. मशीनचं काम फक्त ढकलायचं आणि ओढायचं. हे करताना आपल्याला किती जोर लावावा लागतोय यावर त्याचं लक्ष असतं. फोर्सच्या स्क्रूने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त जोर लागला की खाली काहीतरी अडकलंय असं समजून ते दार परत वर नेतं. आता स्प्रिंग दमली, एखादा रोलर (दाराच्या कडेचं चाक) झिजला किंवा ते ज्यातून धावतं तो ट्रॅक कुठे चेपला, तरी दार जड चालतं आणि मशीन तसंच वागतं. अडकलेला रोलर आणि दाराखाली वाकलेलं मूल यातला फरक त्याला कळत नाही. स्क्रू फिरवलात की तक्रार थांबेल, दार मुकाट बंद होईल, पण मधे कोणी सापडलं तरी ते रेटत राहील. बरं, मूळ बिघाड तसाच राहणार तो राहणारच.

बटण दाबून धरायचा सल्लाही त्याच जातीचा. दाराच्या तोंडाशी आडवा किरण सोडून मधे कोणी आलं तर दार उलटवणारा सेन्सर बिघडला, तरी दार बंद करता यावं म्हणून ती सोय दिलेली असते, आणि तेव्हा सेन्सरचं कोणी ऐकत नाही. समोर उभं राहून, दारावर नजर ठेवून एखाद्या वेळी वापरायला हरकत नाही. रोजची सवय म्हणून अजिबात नको.

आता दार नेमकं कधी उलटतं ते बघा. त्यावरून निम्मं निदान होतं. खाली यायला सुरुवात होताच किंवा अधेमधे कुठेही उलटत असेल आणि मशीनवरचा दिवा लुकलुकत असेल, तर बहुधा सेन्सर. चेंबरलेन किंवा लिफ्टमास्टरचं मशीन असेल तर सेन्सरच्या तक्रारीला दिवा दहा वेळा लुकलुकतो. दरवेळी त्याच उंचीवर अडत असेल तर रोलर, बिजागरी, ट्रॅक किंवा स्प्रिंग. आणि जमिनीला टेकून मग वर जात असेल, तर दाराने कुठे थांबायचं ती खालची मर्यादा चुकलीय. ती मॅन्युअल बघून घरी दुरुस्त करता येते.

अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या प्रत्येक घरगुती ओपनरला, म्हणजे दार चालवणाऱ्या मशीनला, दार उलटवण्याच्या मूळ यंत्रणेशिवाय, अडकण्यापासून वाचवणारी दुसरी सोयही असावी लागते. व्यवहारात ती म्हणजे दाराच्या दोन बाजूंचे फोटो-सेन्सर. लहान मुलं दाराखाली चिरडून दगावली, म्हणून १९९० साली हा कायदा झाला. तुमचं मशीन घराच्या वयाचंच असेल तर सेन्सर असणार. तरी मशीनवरचं तारखेचं लेबल शिडी लावून वाचा, आणि सेन्सर खरोखर दाराच्या बाजूला आहेत ना, तेही बघा. हे उगाच म्हणत नाही. सेन्सर सारखे कटकट करतात म्हणून दोन्ही काढून, एकमेकांकडे तोंड करून, वर छताजवळ टेपने चिकटवून ठेवणारे महाभाग इथे आहेत. त्यांनी ते घर विकलं की नव्या मालकाला पत्ताही नसतो. सेन्सरची जागा जमिनीपासून जास्तीत जास्त सहा इंचांवर.

त्यांची साफसफाई पाच मिनिटांची. खाली बसून भिंगाकडे बघा. कोळ्याचं जाळं, लॉन कापल्यावर उडालेला भुसा, पावसाळी चिखलाचा थेंब, काहीही पुरतं. मऊ कापडाने पुसा. मग दोन्हीवरचे बारीक दिवे बघा. बऱ्याच मशीनवर एकाचा पिवळसर असतो आणि दुसऱ्याचा हिरवा, आणि दोन्ही स्थिर पेटलेले हवेत. हिरवा थरथरत असेल तर कोणाच्या तरी सायकलने किंवा कचऱ्याच्या डब्याने सेन्सरची पत्र्याची पट्टी वाकवलीय. पट्टी बोटाने सावकाश हलवा, दिवा स्थिर झाला की तिथेच नट आवळा. गॅरेजचं तोंड पश्चिमेला असेल आणि त्रास फक्त संध्याकाळीच होत असेल, तर तिरपं ऊन थेट रिसीव्हरच्या, म्हणजे किरण घेणाऱ्या सेन्सरच्या, भिंगात शिरतंय. दोन्ही सेन्सरच्या जागांची अदलाबदल करून रिसीव्हर सावलीच्या बाजूला आणला की ते थांबतं.

मग चाचणी. दार खाली येत असताना एक लांब झाडू किरणात आडवा धरा. दार लगेच थांबून वर गेलं पाहिजे. स्वतः दाराच्या रेषेत उभं राहायचं नाही. एक लक्षात असू द्या: सेन्सरला फक्त ती एक रेघ दिसते. एसयूव्ही अर्धवट बाहेर असेल, चाकं किरणाच्या पलीकडे असतील आणि मागचा बंपर दाराखाली असेल, तर सेन्सरच्या लेखी तिथे काहीच नाही. म्हणून सेन्सर चालतोय एवढ्यावर समाधान मानू नका. दुसरी चाचणीही करा.

त्यासाठी होम डेपोच्या दुकानातून टू-बाय-फोर लाकडाचा तुकडा आणा. नावाला दोन बाय चार, प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच. तो दाराच्या मधोमध जमिनीवर आडवा ठेवा, उभा नाही. भिंतीवरचं बटण एकदाच दाबून सोडा. दार लाकडाला टेकल्यापासून दोन सेकंदांच्या आत परत वर जायला हवं. टेकून तसंच दाबत राहिलं, किंवा तिथेच थांबून बसलं, तर मशीन नापास. जाडी दीड इंचच का? शेवटच्या इंचभरात उलटण्याची सक्ती मशीनवर नसते, नाहीतर थोड्याशा बर्फानेही दार कधी बंदच झालं नसतं. त्या इंचाच्या जरा वर मशीन जागं आहे का, एवढंच हे लाकूड तपासतं. नापास झालं तर मॅन्युअलप्रमाणे खालची मर्यादा आणि फोर्स नीट लावा. हो, स्क्रू फिरवायचा तो इथे, आणि कमी करण्याच्या दिशेने. त्यानेही जमलं नाही तर मशीनचा प्लग काढा, दुरुस्ती होईपर्यंत दार हातानेच वापरा. या दोन चाचण्या महिन्यातून एकदा करायच्या.

आता स्प्रिंग. माझ्या मते खरी गोम इथे असते आणि इथेच कोणी बघत नाही. दार पूर्ण बंद करा. बंदच, कारण उघड्या दाराची स्प्रिंग तुटलेली असली आणि तुम्ही मशीनजवळ लोंबणारी लाल दोरी ओढलीत, तर अख्खं दार धाडकन खाली येईल. दोरी ओढली की दार मशीनपासून सुटतं. मग खालच्या हँडलला धरून ते हाताने उचला. एका हाताने, फारसं न कुंथता उचललं गेलं पाहिजे. कमरेएवढ्या उंचीवर आणून हळूच हात सैल करा, पाय मागे ठेवून. दार तिथेच तरंगत राहिलं तर तोल ठीक. खाली घसरायला लागलं तर स्प्रिंग दमली आहे. वर पळालं तर ती गरजेपेक्षा जास्त पिळलेली आहे. उचलताना कुठे खरखर किंवा अडथळा लागला तर ती जागा खडूने खुणावून ठेवा, तुमचं दार उलटतं ते बहुधा तिथेच. बोटं दोन पॅनलच्या फटीत घालून दार ओढायचं नाही. हँडलच धरायचं.

साधी स्प्रिंग दहा हजार वेळा उघडझाप करण्याच्या हिशोबाने बनवलेली असते. दिवसातून चारदा दार वापरलं तर साधारण सात वर्षं. तुमच्या घराचं वय बघता स्प्रिंग एकदा तरी बदललेली असावी, आणि नसेल तर ती उसन्या आयुष्यावर चाललीय. दाराच्या वर दांड्यावर गुंडाळलेली जाड स्प्रिंग असेल तर टॉर्च मारून वेटोळ्यांत कुठे बोटभर फट पडलीय का ते बघा. फट म्हणजे तुटली. कधी रात्री गॅरेजमधून बंदूक उडाल्यासारखा आवाज आला आणि सकाळी दार उघडेना, तर तेच झालेलं असतं. दांड्याऐवजी दोन्ही बाजूंच्या आडव्या ट्रॅकजवळ लांब ताणलेल्या स्प्रिंगा असतील, तर त्यांच्या पोटातून एक बारीक पोलादी केबल गेलेली दिसली पाहिजे. स्प्रिंग तुटली तर ती उडून कोणाच्या तोंडावर बसू नये म्हणून ती असते. नसेल तर लगेच बसवून घ्या.

दाराच्या दोन्ही कडांच्या उचलायच्या केबलही बघा, खास करून तळाशी, जिथे पाणी साचून गंज धरतो. एखादी तार सुटून बाहेर आली असेल तर केबल बदलायची वेळ झाली. पण बघायचं ते डोळ्यांनी. स्प्रिंग, केबल आणि तळाच्या कोपऱ्यातला ब्रॅकेट यांच्या बोल्टना पाना लावायचा नाही. यूट्यूबवर लोखंडी सळया घेऊन स्प्रिंग पिळणारे लोक फार सहज करताना दिसतात. त्या स्प्रिंगमध्ये अख्ख्या दाराचं वजन साठलेलं असतं, आणि सळई निसटली तर हाड मोडतं. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

तेलपाणी मात्र घरी करा, वर्षातून दोनदा. आपला हात सवयीने करकरणाऱ्या बिजागरीसाठी खोबरेल तेलाकडे जातो. ते इथल्या थंडीत गोठतं आणि एरवी धूळ धरतं. गॅरेज डोअरसाठी मिळणारा सिलिकॉनचा किंवा पांढऱ्या लिथियम ग्रीसचा स्प्रे घ्या. नेहमीच्या डब्यातल्या डब्ल्यूडी-४० ने असलेलं ग्रीसच निघून जातं. स्प्रे बिजागऱ्यांवर, रोलरच्या बेअरिंगवर आणि स्प्रिंगवर. ट्रॅकला तेल नाही, तो नुसता पुसायचा.

मुलीसाठी: भिंतीवरचं बटण निदान पाच फूट उंच आणि जिथून दार पूर्ण दिसतं अशा जागी हवं. रिमोट खेळायला द्यायचा नाही, आणि खाली येणाऱ्या दाराखालून पळत सुटायचा खेळ घरात कोणीच, मोठ्यांनीही, खेळायचा नाही. चार वर्षांचं मूल बाबा करतात तेच करतं.

आई-बाबांना पहिल्याच आठवड्यात लाल दोरी दाखवा आणि बंद दारावर त्यांच्याकडून एकदा ओढून घ्या. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्सासमध्ये कित्येक घरांची वीज दिवसेंदिवस गेली होती, ती वेळ पुन्हा येऊ शकते. त्याच थंडीत बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घेताना कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली, हेही त्यांना सांगा. सांगलीत अशी वेळ येत नाही, त्यामुळे हा धोका त्यांच्या डोक्यात येणार नाही. पुढे कधी मशीन बदललंत तर बॅटरी बॅकअपवालं घ्या. कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्यावर लोकांना गॅरेजची दारं उघडता येईनात, म्हणून १ जुलै २०१९ पासून तिथे नव्या ओपनरला बॅटरी सक्तीची आहे. टेक्सासमध्ये सक्ती नसली तरी म्हातारी माणसं घरात असताना ती हवीच.

आणि घर जुनं घेतलंय तर आधीच्या मालकाचे रिमोट अजून तुमचं दार उघडतात, हे विसरू नका. बऱ्याच मशीनवर 'लर्न' बटण सहा सेकंद दाबून धरलं की सगळे कोड पुसले जातात. मग आपले रिमोट, कीपॅड आणि गाडीतलं बटण नव्याने जोडून घ्या.

तुमच्या वर्णनावरून मला आधी सेन्सर आणि मग स्प्रिंग वाटते. आज संध्याकाळी भिंग पुसून बघा. शनिवारी उजेडात दाराचा तोल तपासा. दार खाली घसरलं तर टेक्निशियनला फोन करताना दाराचं माप आणि स्प्रिंग दांड्यावर आहे की बाजूला, एवढं सांगा म्हणजे तो योग्य माल घेऊन येईल. दोन स्प्रिंगांपैकी एकच तुटली असली तरी दोन्ही बदलायला सांगा, दुसरीही तितक्याच वेळा पिळली गेलेली असते. आणि तो निघायच्या आत त्याच्यासमोर टू-बाय-फोर ठेवून दार एकदा बंद करून बघा.