‘ती माझ्याकडे आलीच नाही तर?’

प्रश्न : ताई, मी 38 वर्षांची, नवऱ्यासोबत न्यू जर्सीत राहते. ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक यंत्रणेमार्फत आम्ही ओडिशातली साडेतीन वर्षांची मुलगी दत्तक घेतोय. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला, तिचा पासपोर्टही आला. पुढच्या महिन्यात तिला पहिल्यांदा भेटून घेऊन यायचंय. तिला फक्त ओडिया येतं, आम्हाला त्यातलं काही नाही. सासूबाईंना कोल्हापूरहून सगळ्यांना घेऊन तिथे यायचंय, संस्थेच्या दारातच औक्षण करायचंय. आणि मला रात्री झोप नाही : ती माझ्याकडे आलीच नाही तर?

उत्तर : अगं, पहिल्या दिवशी बहुधा येणार नाहीच, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. संस्थेतल्या मावशीचा पदर घट्ट धरून ती रडली, तर समज की तिला जीव लावणारं माणूस मिळालं होतं. पहिल्याच भेटीत कुणाच्याही कडेवर हसत जाणाऱ्या मुलांची मला जास्त काळजी वाटते.

तुम्ही इतकी वर्षं या दिवसाची वाट पाहिलीत. तिने पाहिलेली नाही. ती खोली, शेजारच्या पलंगावरची मुलं, रोज भरवणारी मावशी हेच तिचं जग. तुमच्या घरी मूल येतंय, त्याच दिवशी तिचं घर सुटतंय. हे मनात ठेवलंस तर काय करायचं ते तुझं तुलाच सुचत जाईल.

निघण्याआधी संस्थेला विचारून फोटोंचा छोटा अल्बम पाठव : तुम्ही दोघं, घर, तिचं अंथरूण. मावशी रोज दाखवू दे. जमलं तर पाच मिनिटांचे व्हिडिओ कॉलही करा. आणि रजा वाढवून घ्या. सकाळी भेट आणि संध्याकाळी विमान, असं अजिबात नको. चार-आठ दिवस आधी पोहोचा, रोज जा, जमिनीवर बसा, चेंडू किंवा खडू घेऊन आपापलं काहीतरी करत राहा. तिला उचलायला हात पुढे करू नका, तिला जवळ येऊ द्या. नवऱ्यालाही सांगून ठेव : संस्थेत सांभाळणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, त्यामुळे दाढीला, जाड आवाजाला मुलं बिचकतात. कधी उलटंही होतं, मूल बाबाला चिकटतं आणि आईकडे बघतही नाही. दोघांनीही मनाला लावून घेऊ नका.

त्या मावशीशी मात्र मैत्री कर. मुलगी झोपताना पाठ थोपटून घेते का, दिवा चालू लागतो का, शू लागली की काय म्हणते, कशाला घाबरते, आजारी पडली की काय खाते, सगळं लिहून घे. तिच्या वापरातली चादर किंवा एखादा फ्रॉक मागून घे आणि न धुता आण, तिच्या ओळखीचा वास तेवढाच सोबत येईल. मावशीचा आणि तिचा एकत्र फोटो काढ. बारा वर्षांची झाल्यावर ती ‘मला कोण सांभाळायचं?’ असं विचारेल, तेव्हा तुझ्याकडे दाखवायला चेहरा हवा.

निरोप मावशीनेच द्यायचा. ‘आता आईबाबांबरोबर जायचं’ हे तिच्या तोंडून, तिच्या भाषेत मुलीला ऐकू दे. ‘चला, चॉकलेट आणायला जाऊ’ म्हणून गाडीत बसवू नका. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. तुमच्या नात्याची सुरुवात फसवणुकीने व्हायला नको. रडेल, रडू दे, जवळ बसून राहा.

भाषेची धास्ती घेऊ नकोस. भूक, पाणी, झोप, दुखतंय, भीती वाटते, मी इथेच आहे, एवढी वाक्यं ओडियात मावशीच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून घे. डालमा (भाज्या घातलेली ओडिया डाळ) आणि भात करायला शीक. परक्या घरात ओळखीची चव मोठा आधार देते.

आता सासूबाई. त्यांचा आनंद खरा आहे, पण पंधरा अनोळखी माणसं, आरती आणि मोबाइलचे कॅमेरे त्या पोरीला झेपणार नाहीत. हे नवऱ्याने सांगायचं, तू नाही. त्यांना काम दे : जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून द्या म्हणावं, नातीला पहिल्या दिवसापासून तीच पांघरू. औक्षण पुढच्या भारतवारीत कोल्हापूरच्या दारात थाटात होऊ दे. पहिले काही महिने भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं तुम्ही दोघांनीच करायचं, म्हणजे आपलं माणूस कोण हे तिला कळेल. आणि ‘नशीब काढलं पोरीने’ असं कुणी तिच्यासमोर म्हणालं तर तिथेच थांबव. आईबाप मिळाले म्हणून कुठल्याही मुलाने उपकार मानायचे नसतात.

एक तुझ्याविषयी. तिला पाहून तुझ्या मनात मायेचा पूर येईलच असं नाही. थकवा, परकेपणा, ‘आपण हे काय केलं’ अशी भीतीसुद्धा येईल. अनेक दत्तक आयांना येते, त्याने तू वाईट आई ठरत नाहीस. घरी गेल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी तिच्या प्रगतीचा अहवाल जाईल, त्यासाठी तुमच्या एजन्सीची समाजसेविका येईल. ती परीक्षा घ्यायला येतेय असं समजून घर आवरून, हसरे चेहरे करून बसू नका. मुलगी रात्री ओरडत उठते, उशीखाली पोळी लपवते, माझ्याशी बोलत नाही, असं जे असेल ते तिला सांगा. तीन महिन्यांनी मलाही लिही.