आतली कडी वेगळी, बाहेरची वेगळी

प्रश्न : आमच्या आठवीच्या मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेतल्या स्वच्छतागृहांच्या कड्यांवरचे जिवाणू तपासायचे आहेत. पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी यांची स्वच्छतागृहं वेगळी आहेत. कोणत्या वयोगटाच्या कडीवर जास्त जिवाणू सापडतील?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, मुलांना माझी शाबासकी सांगा. पण ‘लहान मुलं अस्वच्छ’ असा निष्कर्ष तक्त्यावर लिहू देऊ नका. एका गटात मुलं दुप्पट असतील, तर त्या कडीला हातही दुप्पट लागतात. एक कडी सकाळी पुसलेली असते, दुसरी नसते. एखादी जुनी पितळी असेल, तर पितळेतलं तांबं जिवाणूंना मारतं. स्टील मारत नाही. शिवाय पहिलीतलं मूल घट्ट बसलेली कडी दोन्ही हातांनी ओढतं, दहावीतलं एका बोटाने सरकवतं. हे सगळं वहीत नोंदवायला सांगा. स्वॅब, म्हणजे निर्जंतुक कापसाच्या काडीने पुसून घेतलेले नमुने, एकाच दिवशी, मोठी सुट्टी संपल्या संपल्या घ्या आणि प्रत्येक कडीचा सारखाच भाग पुसा.

माझा आग्रह एकच, आतली आणि बाहेरची कडी वेगवेगळी तपासा. मी वर्षानुवर्षं महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आणि शाळांच्या प्रकल्पांत हीच गोष्ट सुटलेली पाहिली. आपल्याकडे नळ बहुधा दाराबाहेर असतो. म्हणजे आतली कडी उघडणारा प्रत्येक हात न धुतलेला, मग वय सहा असो की सोळा.

न्यूट्रियंट आगर म्हणजे जिवाणू वाढवण्यासाठी प्लेटमध्ये ओतलेली साधी पोषक जेली. तिच्यावर बहुतेक त्वचेवरचे स्टॅफिलोकोकाय हे गोल जिवाणू वाढतील. ते कोरड्या धातूवर कित्येक दिवस तग धरतात आणि निरोगी त्वचेवर असतातच, म्हणून वसाहतींची (जिवाणू वाढून दिसणाऱ्या ठिपक्यांची) नुसती संख्या पाहून घाबरू नका. सोबत मॅकॉन्की आगर, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंसाठीची खास जेलीही घ्या. त्यावर आतड्यातला ई. कोलाय गुलाबी वसाहती करतो. क्लेब्सिएला हा दुसरा जिवाणूही गुलाबीच दिसतो, तेव्हा ओळख पटवायचं काम प्रयोगशाळेवर सोडा. आणि प्लेट कोरी राहिली तरी कडी निर्धोक ठरत नाही. जुलाब करणारा रोटाव्हायरस आगरवर वाढतच नाही.

जमलं तर पुढचा टप्पा करा. मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. लहानांचा हात नळापर्यंत पोचतो का ते बघा, जाळीच्या पिशवीत साबण बांधून नळाला लटकवा आणि काही आठवड्यांनी त्याच कड्या, त्याच वेळी पुन्हा तपासा.

प्लेट शाळेत किंवा घरी वाढवू नका. जवळच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला विनंती करा. तिथे त्या ३७ अंश सेल्सिअसला २४ ते ४८ तास ठेवतील. स्वॅब न फिरवलेली एक प्लेटही सोबत असू द्या. तिच्यावर काही वाढलं, तर त्या खेपेचे आकडे धरू नका. वाढलेल्या प्लेटला चिकटपट्टी लावा, मुलांनी झाकणावरूनच मोजावं, उघडू नये. मोजून झालं की १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करूनच) त्या टाकायच्या.