वाचक विचारतात : पुण्यात आले, आता बोली बदलू का?

प्रश्न : ताई, मी परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडकडची. पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्याच आठवड्यात रूममेटला ‘काय करायलीस?’ विचारलं तर सगळ्या हसल्या. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते म्हणून एक जण सारखी नक्कल करते. आता वर्गात तोंडच उघडत नाही. बोलणं बदलायला जावं तर खोटं वागल्यासारखं वाटतं. दिवाळीत बहीण म्हणाली, ‘लै पुण्याची झालीस गं!’

उत्तर : तू चुकीचं मराठी बोलत नाहीस, हे आधी पक्कं समज. ‘करायलीस’ हे ‘करते आहेस’चं मराठवाडी रूप, वऱ्हाडात त्याच जागी ‘करून राहिली’ येतं. दोन्ही रूपं नियमानं चालतात. मोल्सवर्थ या इंग्रजानं केलेला मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६चं. त्या शतकात छापील मराठी घडत गेली तेव्हा पुण्याकडच्या शिकलेल्यांची बोली पायाला धरली गेली, म्हणून ती प्रमाण झाली. बाकीच्या बोली त्यामुळे अशुद्ध होत नाहीत. जनाबाई तुझ्याच गंगाखेडच्या.

तेव्हा शुद्ध-अशुद्ध सोड आणि समोरच्याला कळलं की नाही, एवढंच बघ. ‘लै’, ‘करायलीस’, बोलण्यातला हेल हे सगळ्यांना कळतं. मैत्रिणींत ते खुशाल राहू दे. सेमिनार, मुलाखत, कार्यक्रमाचं निवेदन इथे प्रमाण मराठी वापरावी, कारण तिथे ऐकणारे चारी दिशांचे असतात.

‘ण’ तुला स्वतःला हवा असेल तर तो सरावानं येतो. ‘न’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं. ‘ण’ला तेच टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि सोडायचं. मन–मण, तान–ताण, वन–वण अशा जोड्या रोज १० मिनिटं मोठ्यानं म्हण, फोनवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक. लगेच ऐकलं तर कानाला फरक कळत नाही. यात हमखास होणारी चूक म्हणजे घाबरून सगळीकडेच ‘ण’ लावणं : ‘माझं मण’, ‘आणंद झाला’. असं होतं ते बोलता बोलता दुरुस्ती करायला गेल्यामुळे. लक्ष उच्चारावर गेलं की वाक्य अर्ध्यात अडकतं. सराव खोलीत करायचा. गप्पांमध्ये ‘पानी’ निघालं तर निघू द्यायचं.

वर्गातलं मौन मात्र लवकर मोडायला हवं, कारण गप्प राहण्याची सवय उच्चारापेक्षा जास्त नुकसान करते. प्रश्न विचारू देणाऱ्या एका सरांचा किंवा मॅडमचा तास निवड. दहा-बारा शब्दांचा एकच प्रश्न वहीत लिहून ने, दुसऱ्या बाकावर बस आणि संधी मिळताच पहिल्या १५ मिनिटांत विचारून टाक. वाट बघत बसलं की धडधड वाढत जाते. आठवड्याला एक प्रश्न पुरे. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटेल, पण ते खरं नसतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लाज वाटेल असा टीशर्ट घालून विद्यार्थ्यांना इतरांच्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्यांनी तो पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला.

नक्कल करणारीला एकटं गाठून सांग : ‘माझ्या बोलण्याची नक्कल करू नकोस, मला त्रास होतो.’ चारचौघीत सांगितलं तर ती हट्टाला पेटेल. आणि तिच्याबरोबर आपणही हसणं आजपासून बंद, कारण ते हसणं परवानगी ठरतं. तरी चालूच राहिलं तर तारीख, वेळ आणि नेमके शब्द लिहून ठेव. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली. भाषिक ओळख किंवा प्रदेश यांवरून दिलेला मानसिक त्रासही आता रॅगिंगमध्येच मोडतो. कॉलेजच्या समितीकडे किंवा १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर तक्रार करता येते.

बहिणीशी ‘करायलीस’च बोल. आजीशी, सरांशी आणि मैत्रिणीशी आपण एरवीही सारखं बोलत नाही. त्यात खोटं काही नाही. गावाचं नाव लपवावंसं वाटू लागलं, घरचा फोन आला की खोलीबाहेर पळावंसं वाटलं, तर तिथे थांबून विचार कर.

प्रश्न : माझे आईवडील ऊसतोडीला जातात. ग्रुपमध्ये ‘बाबांचा बिझनेस आहे’ असं बोलून गेलो. आता दर शनिवारी कॅफेत तीन-चारशे रुपये जातात.

उत्तर : सगळ्यांसमोर कबुली द्यायची गरज नाही. ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास आहे, त्या एकालाच सांग : ‘त्या दिवशी बोललो ते खरं नव्हतं, आईबाबा ऊसतोडीला जातात.’ एवढंच. खोटं का बोललो याचं लांबलचक स्पष्टीकरण दिलंस तर समोरचा अवघडतो. बाकीच्यांनी विचारलं तर खरं उत्तर दे, न विचारता सांगत सुटू नकोस. दर शनिवारचे ४०० म्हणजे महिन्याला १६०० रुपये. यात बऱ्याच ठिकाणी मेसचा मोठा हिस्सा निघतो. ‘पोट भरलंय’ची सबब दोन आठवडेच टिकते. त्यापेक्षा ‘मी महिन्यातून एकदाच बाहेर खातो’ असं सरळ सांग आणि उरलेल्या शनिवारी टपरीवरच्या चहाला तूच बोलाव. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, तास चुकवावेसे वाटू लागले, तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.